खाडीचं मॉडेल करताय? मग एवढं कराच!

परवा एका सभागृहात ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या भवितव्यावरचं सादरीकरण ऐकून आलो. खाडीत पुढे काय होईल ते गणितानं सांगणारं मॉडेल होतं. पडदाभर बाण, रंगीत नकाशे, मध्यंतरात समोसा. इतकी प्रेरणा मिळाली की म्हटलं, तुम्हालाही चार युक्त्या सांगाव्यात.

साधं मॉडेल चुकूनही करू नका. पहिल्या महायुद्धात मासेमारी थंडावली तेव्हा एड्रियाटिकमध्ये शिकारी माशांचं प्रमाण का वाढलं, ते व्होल्टेरा या इटालियन गणितज्ञानं १९२६ साली दोन समीकरणांत सांगून टाकलं. दोनच! अशानं अनुदान मिळतं होय?

कोणाचा कोणावर परिणाम होतो ते दाखवणारे बाण दुहेरी काढा, भारदस्त दिसतात.

शास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी १९७६ साली प्राण्यांची संख्या सांगणारं एका ओळीचं सूत्र घेतलं. वाढीचा दर चढवत नेला, तशी संख्या आधी स्थिर, मग हेलकावणारी, मग पार बेभरवशाची. आपण उलटं करायचं. ढीगभर घटक कोंबायचे आणि शेवटी एकच ओळ काढायची : 'लक्षणीय परिणाम नाही.'

आकडे मोजत बसू नका, उसने आणा. लहान फ्लेमिंगो केनियाच्या सोडा सरोवरांत किती शेवाळ खातो ते छापलेलं आहे, उचला आणि टाका ठाणे खाडीत. तिथे तो पाण्यात तरंगणारं शेवाळ गाळतो आणि इथे ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर चरतो, पण कोण बघतंय? केनियातल्या नाकुरू सरोवराला भरती येते का हो? इथे दिवसातून दोनदा येते! चिखल बुडाला की थवे उठतात आणि नेरूळच्या तळ्यांवर जाऊन बसतात. ती तळी बुजवली तर बसायचं कुठे? भरती कुठे धरलीय, असं विचारलं तर सादरीकरण करणारे साहेब म्हणाले, "सरासरी पाणीपातळी घेतलीय." सरासरी! म्हणजे मॉडेलातला फ्लेमिंगो बारा महिने गुडघाभर पाण्यात ताटकळत उभा. मागून एक कोळी काका म्हणाले, "आन् गाळ? खाडी भरत चाललीय, तो कुठं मांडलाय?" त्यांना 'वेळेअभावी' बसवलं. समोशाला बरा वेळ होता.

पुरे झाली थट्टा. मॉडेल दोन ओळींचं करा नाहीतर दोनशे पानांचं, माझं काही म्हणणं नाही. पण भरती का सोडली, गाळ का सोडला, ते लिहा. एकदा तरी ओहोटीला चिखलात उतरा. आणि तेही होत नसेल तर 'परिणाम नाही' असं छापू नका. 'आम्ही मोजलंच नाही' असं छापा, सही-शिक्क्यासकट.