होबी १६ च्या रडरबद्दल: तुमच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा वीकेंड वाया गेला याचं वाईट वाटतं, माफ करा. दुरुस्तीला दिलेली होबी १६, म्हणजे तुमची दोन सांगाड्यांची छोटी शिडाची बोट, उशिरा मिळाली हेही खरं. रडरच्या (सुकाणूच्या) जुन्या ब्लेडमध्ये पाणी मुरलं होतं. ते सुकायच्या आधी वरून फायबर चढवलं असतं तर पुन्हा फुगलं असतं. हे तेव्हाच फोनवर सांगितलं होतं.

पण "रडरचं काम कच्चं, टिलर (रडर फिरवायचा दांडा) दोन हातांनी ओढावा लागतो" हे वाचून फार लागलं. तुम्हीच टाकलेला दुसरा फोटो मोठा करून बघा. डावं ब्लेड सरळ खाली नाही, मागे कललंय. होबीचं ब्लेड पूर्ण खाली गेलं की खट्कन लॉक बसतो. तो बसला नाही की पाण्याचा सगळा दाब टिलरवर येतो आणि वारा जरा वाढला की हात भरून येतात. आम्ही बुश बदलले, पिना नव्या टाकल्या, दोन्ही ब्लेडं समांतर जुळवली आणि बोट देताना लॉक तुमच्यासमोर बसवून दाखवला. त्याच फोटोत ब्लेडचं टोक ताजं घासलेलं आहे, आतलं फायबर उघडं पडलंय. किनाऱ्याला लागताना रडर वर घेतला नाही की असंच होतं, आणि ओहोटीला आपल्याकडे वाळूत खडक असतोच. आपटल्यावर लॉक सुटतो, तो त्यासाठीच दिलाय. पण परत बसवावा लागतो ना!

टॅक घेताना, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून बोट वळवताना, ती वाऱ्यात अडकते असं तुम्ही लिहिलंय, तेही रडरमुळे नाही. होबी १६ हलकी, तिला सेंटरबोर्ड (तळाखाली उतरणारी उभी फळी) नाही. टिलर एकदम ढकलला की रडरचाच ब्रेक लागतो. सावकाश वळवा, मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) थोडी ढिली सोडा आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याच्या पलीकडे जाईपर्यंत जिब (पुढचं लहान शीड) सोडू नका. बोट मागे जायला लागली तर टिलर उलटा धरा.

ऑक्टोबर ते मे, एवढ्यातच आमची वर्षाची कमाई. तुमचा रिव्ह्यू वाचून एका गिऱ्हाइकाने ठरलेलं काम रद्द केलं.

पुढे तारीख जरा मोकळी धरून सांगू, सूचना लिहून द्यायचंही बघतो. बोट मांडव्याला घेऊन या, टोक दुरुस्त करून देतो, पैसे नकोत. लॉक स्वतःच्या हाताने बसवा, एक फेरी मारा आणि मग टिलर जड लागला तर पुन्हा लिहा.