टाटा थिएटरमध्ये ताईला काफी सापडला

शनिवारी रात्री नरिमन पॉइंटच्या एनसीपीए कला केंद्रातल्या टाटा थिएटरमध्ये, जॅझच्या कार्यक्रमात, शेजारी बसलेल्या ताईने अचानक माझा दंड घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "अगं, हा तर काफी आहे!"

स्टेजवर चौघं होते. पियानो, डबल बास, ड्रम्स आणि सॅक्सोफोन. अमेरिकन ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस याचं १९५९ चं 'सो व्हॉट' चालू होतं, त्यात सुरुवातीला बासवाला एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन स्वरांत त्याला उत्तर देतात, मग परत ओळ, परत उत्तर. ताई तिथंच सरसावून बसली होती. ती आयुष्यात पहिल्यांदा जॅझ ऐकायला आली होती, तेही माझ्या मैत्रिणीचं ऐनवेळी रद्द झालं आणि तिकीट वाया जाऊ नये म्हणून. मी तिला कबूल केलं होतं की तासाभरात कंटाळलीस तर उठून जाऊ, डोंबिवलीला परतायचं असतं, लोकलचं बघावं लागतं.

आणि ती बरोबर होती हो. हे गाणं ज्या स्वरांवर उभं आहे ते आपल्या काफी थाटाचेच (थाट म्हणजे रागांमागचा सात स्वरांचा साचा), गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. (राग काफी म्हणायचं नाही, थाट म्हणायचं, रागाची चालच वेगळी, हे ताईने बाहेर पडताना मला दोनदा बजावलंय.) सोळा बार (एक बार म्हणजे इथं चार मात्रा) त्या स्वरांत, मग आठ बार सगळंच्या सगळं अर्धा स्वर वर सरकतं आणि शेवटचे आठ बार परत खाली, मूळ जागी. बत्तीस बारचं एक चक्र, ते पुन्हा पुन्हा फिरतं. ताईला यातलं काहीही मी सांगितलेलं नव्हतं. सॅक्सवाल्याच्या दुसऱ्या फेरीत तिने एक बोट वर केलं आणि म्हणाली "सा सरकला", आणि थोड्या वेळाने बोट खाली घेत "आले घरी". त्यापुढच्या फेरीत तर ती सरकायच्या आधीच बोट वर करून वाट बघत होती. पासष्ट वर्षांची बाई, पंचवीस वर्षं सवाईला जातेय, आठ वर्षं गाणं शिकलीय, तिला एकाही इंग्रजी शब्दाची गरज पडली नाही.

तेव्हापासून दोन दिवस माझ्या डोक्यात हेच फिरतंय म्हणून हे एवढं लांबलचक लिहितेय. माझं मत सरळ आहे. या देशात जॅझ ऐकायला सगळ्यात तयार कान कुणाचे असतील तर ते आपल्या मैफलीत बसणाऱ्या माणसांचे आहेत, आणि नेमकी हीच माणसं तिकडे जात नाहीत कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे तुमचंही आहे. आपल्याला वाटतं जॅझ म्हणजे साउथ बॉम्बे, हातात ग्लास, इंग्रजी बोलणारी मंडळी. अरे नाही! जॅझ म्हणजे चार माणसं एक बंदिश मांडतात, मग एकेक जण ती आपल्या पद्धतीने उलगडतो, बाकीचे साथ करतात, आणि शेवटी सगळे मिळून परत बंदिशीवर येतात. त्या बंदिशीला ते हेड म्हणतात, आवर्तनाला कोरस म्हणतात. सॅक्स आणि ड्रम्स चार-चार बार वाटून घेऊन एकमेकांना उत्तरं देतात तेव्हा ज्याने कधी सतार-तबल्याचे सवाल-जवाब ऐकलेत त्याला काय वेगळं समजावून सांगायचं?

फरक आहेत, आणि मला तर ते फरकच जास्त आवडतात. आपल्याकडे तानपुरा म्हणजे जमीन. ती हलत नाही, तिच्यावर तुम्ही हवं तेवढं उंच बांधा. जॅझमध्ये बहुतेक गाण्यांत जमीनच हलत असते, दर एक-दोन बारला खालचा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर, बदलतो आणि वाजवणाऱ्याला पळत्या गाडीत डबे बदलावेत तसं एका कॉर्डवरून दुसऱ्यावर पाय टाकत जायचं असतं, तेही सुंदर दिसेल असं. 'सो व्हॉट'मध्ये माइल्स डेव्हिसने ही पळापळ जवळजवळ थांबवली, एकाच स्वरसमूहावर बराच वेळ रमायला जागा दिली, म्हणूनच ते ताईला इतकं घरचं वाटलं असणार. दुसरा फरक समेचा. तबला ठेका वाजवून तुम्हाला सांगत असतो की तुम्ही कुठे आहात. इथं ड्रम्सवाला तसं काही सांगत नाही, बत्तीस बार प्रत्येकाच्या डोक्यात चालू असतात आणि तरी सगळे एका क्षणी बरोबर येऊन पडतात. त्या क्षणी माझी मांडीवर थाप पडली, ताईचीही पडली, आणि पुढच्या रांगेतल्या एका काकांनी वळून बघितलं आणि हसले. आणि टाळी! आपण सवयीने पहिल्या मात्रेवर टाळी देतो, जॅझमध्ये ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. एकदा ती तिथं बसली ना की अख्खं गाणं झुलायला लागतं, त्यालाच स्विंग म्हणतात, आणि ते वाचून कळत नाही, बसून ऐकावंच लागतं.

अजून एक. जॅझमध्ये दाद चालते, नुसती चालत नाही तर लागते. तिथल्याच वेस्टर्न क्लासिकलच्या कार्यक्रमात सिंफनीच्या दोन भागांमध्ये टाळी वाजवली तर लोक बघतात तुमच्याकडे. इथं प्रत्येकाचा सोलो संपला की टाळी, मध्येच एखादी जागा आवडली की आवाज. बासचा सोलो होता, बाकी सगळे थांबलेले, ड्रम्सवर फक्त ब्रश फिरतायत, अख्खा हॉल गप्प, आणि ताई मोठ्याने म्हणाली "वा!" मैफलीत म्हणते तसंच. बासवाल्याने मान वर करून बघितलं, हसला, आणि तीच ओळ परत घेतली, यावेळी थोडी वाकडी करून. मला भरून आलं. दाद दिली आणि वाजवणाऱ्याने ती हातोहात परत केली, यापलीकडे मैफल म्हणजे तरी काय असतं!

तो हॉलही तसा आहे. १९८० साली सुरू झाला, हजाराच्या आसपास खुर्च्या, पण पंख्यासारख्या पसरलेल्या, त्यामुळे मागे बसलात तरी वाजवणारा जवळ वाटतो, आणि बांधतानाच माईकशिवाय ऐकू जावं असा विचार केलेला. ब्रशचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. शुक्रवारी मी एकटीच गेले होते, त्या दिवशी मोठा ताफा होता, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन वगैरे, चांगलं होतं, पण सगळं लिहून काढलेलं आणि जोरात. शनिवारसारखं नाही.

आता जॅझ परकं आहे असं म्हणणाऱ्यांसाठी. मी गिरगावातली. आमच्या चाळीपासून खोताची वाडी पाच मिनिटांवर, धोबीतलाव पंधरा. त्या धोबीतलाव-गिरगाव पट्ट्यात गोव्याच्या लोकांचे कूड होते, म्हणजे गावागावाच्या नावाने चालणाऱ्या खोल्या, मुंबईत कामाला आलेल्या गावच्या माणसाने तिथं ट्रंक ठेवायची आणि पथारी टाकायची. त्यात दर्यावर्दी होते, आचारी होते आणि वाजवणारे होते. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवायचे, त्यामुळे ही मंडळी समोर कागद ठेवला की वाजवायची. १९३५ मध्ये लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड घेऊन ताजमध्ये आला, त्याच्यानंतर टेडी वेदरफर्डसारखा पियानोवाला आला, आणि गोव्याच्या या पोरांनी त्यांचं ऐकून ऐकून जॅझ उचललं. त्यातला एक हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, ज्याला सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची, लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगाने ट्रम्पेट वाजवायचा.

आणि इथं आपला माणूस येतो. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. त्यांनी या चिक चॉकलेटला बरोबर घेतलं आणि १९५१ च्या 'अलबेला'त तो आणि त्याचा बँड पडद्यावरसुद्धा दिसतो, पुढे आपले भगवानदादा नाचतायत. म्हणजे बघा, गणपतीत गिरगावातून मिरवणूक निघते आणि पोरं भगवानदादांची स्टेप करतात, ती स्टेप ज्या ठेक्यावर जन्मली त्यात ताजच्या बॉलरूममधला जॅझ मुरलेला आहे. परकं कुठे राहिलं मग? शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांच्याकडची अरेंजमेंट करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. ही माणसं दिवसा स्टुडिओत आपली सिनेमाची गाणी वाजवायची आणि रात्री चर्चगेट स्ट्रीटच्या हॉटेलांमध्ये जॅझ. त्यांची नावं रेकॉर्डवर छापली गेली नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं, आणि निदान आपण तरी ती घेत राहिली पाहिजेत.

बाहेरचे लोकही इथं नुसतं वाजवून गेले नाहीत. अमेरिकन जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेक १९५८ मध्ये आला तेव्हा मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसला. सॉनी रॉलिन्स, सॅक्सोफोनमधला केवढा मोठा माणूस, साठच्या दशकाच्या शेवटी वाजवणं बाजूला ठेवून पवईच्या आश्रमात येऊन काही महिने राहिला होता, आपल्या पवईत! आणि मग १९७८ मध्ये पहिल्या जॅझ यात्रेला, म्हणजे मुंबईच्या जॅझ महोत्सवाला, तोच रॉलिन्स सॅक्स घेऊन धोबीतलावच्या रंगभवनमध्ये उभा राहिला.

रंगभवन आठवतंय का कुणाला? झेवियर्स कॉलेजजवळ, उघड्या आकाशाखाली. निरंजन झवेरी आणि त्यांच्या जॅझ इंडियाच्या लोकांनी जॅझ यात्रा उभी केली ती तिथं. ऐंशीच्या दशकात एका यात्रेला बाबा मला घेऊन गेले होते. बाबा हार्मोनियमवाले, त्यांना त्यातलं नाव एकही माहीत नव्हतं. एका कार्यक्रमाचे तेवढे पैसे त्यांना परवडले, हे महत्त्वाचं. घरून चालत गेलो. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि परत येताना अख्ख्या रस्त्यात एकच वाक्य बोलले, "तो काळ्या टोपीवाला फार तयारीचा आहे." मला तो टोपीवाला कोण होता ते आजही माहीत नाही, पण मी आज जॅझ ऐकते ते त्या एका वाक्यामुळे. पुढे आजूबाजूला हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट म्हणून तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनमधले कार्यक्रम बंद पडले. हॉस्पिटलच्या पेशंटला त्रास नको हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याच्या बदल्यात मुंबईत मध्यमवर्गीय माणूस पोराला हाताला धरून चालत जाईल अशी दुसरी जागा कुणी दिली नाही, आणि तिथंच जॅझ आणि आपली फारकत झाली असं माझं ठाम मत आहे. गाणं तेच होतं, फक्त ते आपल्या चालण्याच्या अंतरातून निघून गेलं.

रविवारी हे परत नीट दिसलं. शनिवारचा तोच बासवाला पश्चिम उपनगरातल्या एका पबमध्ये वाजवणार होता, ताईच म्हणाली जाऊया. एंट्री नाही, पण टेबल घेतलं की अमुक एवढ्याचं खायला-प्यायला मागवायलाच हवं, आम्ही दोघींनी दोन लिंबू सरबतं आणि एक चीज टोस्ट घेतला तरी वेटर तीनदा येऊन गेला. शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस. बासचा सोलो सुरू झाला, तोच माणूस, तीच बोटं, आणि त्याच्यावर केक कापल्याचा आरडाओरडा. वाढदिवसवाल्यांचा राग नाही मला, ते त्यांच्या जागी आलेत. पण वाजवणाऱ्यांसाठी महिन्यातल्या तीस रात्रींमधल्या अठ्ठावीस अशाच जाणार असतील तर कसं व्हायचं? ताई शेवटपर्यंत ताठ बसून ऐकत होती, हात मांडीवर, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ब्रेकमध्ये ती थेट स्टेजपाशी गेली आणि त्या बासवाल्याला मराठीतून म्हणाली, "काल तुम्ही ती ओळ परत घेतलीत ना, ती फार सुंदर होती." तो वसईचा निघाला. अस्सल मराठीत बोलला तिच्याशी, आजी चर्चमध्ये गायच्या वगैरे सांगत होता, आणि मग म्हणाला, "आम्हाला कुणी ऐकायला बसलं ना काकू, तर आम्ही कुठेही येऊ."

तर मी तिथंच त्याला विचारलं, डोंबिवलीत याल का? रविवारी सकाळी, आपली सकाळची मैफल असते तशी, दहा ते बारा, चहाला मध्ये पंधरा मिनिटं, कमी तिकीट, आणि सुरुवातीला मराठीतून दोन गोष्टी सांगायच्या, हेड काय, कोरस काय, टाळी कुठे. तो हो म्हणाला. ड्रम्सवाल्यालाही विचारलं, तोही हो म्हणाला. पियानो नसला तरी कीबोर्ड चालेल म्हणाले, बासला फक्त एक अँप आणि स्टेज लाकडी असेल तर छान.

डोंबिवली-कल्याण-ठाणे पट्ट्यात दोनशे-अडीचशे माणसं बसतील असा हॉल कुणाच्या ओळखीत आहे का? गाण्याच्या क्लासची, मंडळाची, शाळेची जागा असेल तरी चालेल, भाडं आम्ही दोघी बहिणी मिळून बघू. जानेवारीतला तिसरा किंवा चौथा रविवार धरतोय. खाली लिहा किंवा मेसेज करा. ताईने आत्तापर्यंत तिच्या भजनी मंडळातल्या अकरा जणींची नावं लिहून घेतलीयत.