पानाला किती मिळायचे ते आधी विचारा

जुन्या अमेरिकन कॉमिक्सचा विषय निघाला की कुणीतरी व्हिन्स कोलेटाला, म्हणजे दुसऱ्यांच्या पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणाऱ्या माणसाला, चित्रं बिघडवली म्हणून शिव्या घालतंच. आणि त्याने तसं केलंय पण, नाही असं नाही. थॉरच्या अंकांत चित्रकार जॅक कर्बीने पेन्सिलने रस्ताभर माणसं, खिडक्याच खिडक्या असलेल्या बिल्डिंगा काढून द्यायच्या आणि ह्याने शाई करताना त्यातली माणसं सरळ पुसायची, नाहीतर काळा आकार भरून मोकळं व्हायचं. काही पेन्सिल पानांच्या फोटोकॉप्या टिकल्यात, छापलेल्या पानाशेजारी ठेवून बघा, डोकं फिरतं.

पण जरा त्याच्या जागी बसून हिशोब करा ना. पैसे पानावर. पानात अख्खं सैन्य असो की एक माणूस आणि मागे मोकळं आकाश, चेक तेवढाच, म्हणजे जास्तीची प्रत्येक खिडकी फुकटात. त्यात इंकर, म्हणजे शाई करणारा, सगळ्यात शेवटी, लेखकाने लावलेला उशीर, पेन्सिलवाल्याने लावलेला उशीर, सगळा ह्याच्या टेबलावर येऊन पडणार आणि प्रेसची तारीख काही हलत नाही. शनिवार-रविवारात अंक उरकून देणारा माणूस संपादकांना हवाच असायचा, कोलेटाला कामं मिळत राहिली ती काय उगाच?

रेट कमी होता हे सगळेच म्हणतात, माझ्या मते खरी मेख रेट 'पानाला' होता ह्यात आहे. जो पटापट पाट्या टाकेल त्याचं घर चालणार, जो जीव ओतेल तो उपाशी. १९३८ मध्ये सुपरमॅनची पहिली १३ पानं १३० डॉलरला गेली, पानाला दहा, आणि त्यातच कॅरेक्टरचे सगळे हक्क पण गेले. रॉयल्टीचं नाव नाही, ओरिजिनल पानं परत मिळायला लागली ती ७०च्या दशकात. कंपन्यांनी तरी काय, दहा सेंट ही किंमत १९६०च्या आसपासपर्यंत तशीच ठेवली आणि ६४ पानांचा अंक ३२ वर आणला. मग १९६७च्या सुमारास चित्र काढायचा कागदच लहान केला, आधी छपाईच्या दुप्पट मापाचा असायचा तो दीडपट झाला. लहान कागद म्हणजे हात लवकर फिरतो आणि बारीकसारीक गोष्टी आपोआप गळतात.

उलट ५०च्या दशकातली ईसी कॉमिक्स ही कंपनी बघा. तिचा मालक बिल गेन्स रेट चांगला द्यायचा, चित्रांवर सही करू द्यायचा, आणि चित्रकार वॉली वुडने तिथे काढलेली अंतराळयानं, आतला एकेक पाइप, एकेक डायल, त्यावर पडलेला उजेड! हाच वुड नंतर म्हणायचा की कॉपी करता येतं ते काढू नका, ट्रेस करता येतं ते कॉपी करू नका आणि कापून चिकटवता येतं ते ट्रेसही करू नका. लोक हे जोक म्हणून शेअर करतात, मला त्यात थकलेला माणूस दिसतो.

आता कुणीतरी म्हणेल फिलिपिनो आर्टिस्टांचं काय. बरोबर, ७०च्या दशकात आल्फ्रेडो अल्काला, नेस्टर रेडोंडो ह्यांना अमेरिकनांपेक्षा कमी मिळायचं, तरी अल्कालाची रेष म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरल्यासारखी. पण तेवढ्याच डॉलरमध्ये मनिलात जास्त दिवस निघायचे हो! रेटने शेवटी तासच विकत घेतले जातात.

राहिला स्पायडरमॅनवाला चित्रकार स्टीव्ह डिटको. चार्लटन ह्या कॉमिक्स कंपनीचा रेट सगळ्यात खालचा, तरी तो तिथे परत परत गेला कारण कामात कुणी नाक खुपसायचं नाही. तिथल्या त्याच्या भुताच्या गोष्टींत बॅकग्राउंड पुष्कळदा नावालाच असतं, पण पॅनलची मांडणी ढिली पडत नाही, वेळ कुठे वाचवायचा हे त्याला नेमकं कळायचं. ते प्रत्येकाला जमायचं नाही, आणि दर महिन्याला अंक भरायचे तर सगळे डिटको आणणार कुठून.