'गेट' हे क्रियापद अशुद्ध नाही

इंग्रजी सुधारण्याचे धडे देणारा एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. 'गेट' हे अलीकडचे बोलीतले क्रियापद आहे, त्याचा खरा अर्थ केवळ 'मिळवणे' आहे आणि 'गॉटन' हे रूप अमेरिकनांनी बिघडवलेले आहे, असे त्यात ठासून सांगितले आहे. यातले एकही विधान टिकत नाही, आणि नव्याने शिकणाऱ्यांच्या मनात ती नाहक धास्ती भरतात, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

'गेट' अलीकडचे तर मुळीच नाही. इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेतील 'गेटा' या क्रियापदापासून ते आले. जुन्या इंग्रजीतही याच कुळातले धातुरूप होते, परंतु ते मुख्यतः उपसर्ग लागूनच येई आणि त्यातील 'ग' चा उच्चार 'य' सारखा होई. आजचा स्पष्ट 'ग' ही नॉर्सचीच खूण आहे. ज्या 'ऑब्टेन'चा पर्याय तो मजकूर भारदस्त म्हणून सुचवतो, ते क्रियापद इंग्रजीत 'गेट'नंतर आले.

अर्थाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. 'इट इज गेटिंग डार्क' यात अवस्था बदलते, 'गेट होम' यात पोहोचणे आहे, 'गेट द कार रिपेअर्ड' यात काम दुसऱ्याकडून करवून घेणे आहे, तर 'ही गॉट फायर्ड' यात कर्मणी प्रयोग आहे. मराठीत भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो आणि दिवाही लागतो. त्यातला एकच अर्थ खरा, असे आपण म्हणत नाही. औपचारिक अहवालात काही ठिकाणी 'रिसीव्ह' किंवा 'बिकम' अधिक नेमके ठरते हे मान्य; पण तो शैलीचा प्रश्न आहे, शुद्धतेचा नव्हे.

राहिले 'गॉटन'. १६११ साली इंग्लंडमध्येच प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलमध्ये, उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात, हव्वेच्या तोंडी 'आय हॅव गॉटन' असे शब्द आहेत. पुढे ब्रिटिश प्रमाणभाषेत ते रूप मागे पडले, अमेरिकेत मात्र टिकले, आणि तेथे ते उपयोगीही पडते: 'आय हॅव गॉट द टिकेट्स' म्हणजे तिकिटे माझ्याजवळ आहेत, तर 'आय हॅव गॉटन द टिकेट्स' म्हणजे ती मी मिळवली आहेत. 'गॉटन' खोडून तेथे 'गॉट' लिहायला सांगणारा शिक्षक हा भेदच पुसून टाकतो.