‘गोलमाल’च्या आधी उत्पल दत्त कोण होते म्हणे?

“पन्नाशीपर्यंत कोणी ओळखत नव्हतं. हृषिदांनी ‘गोलमाल’ दिला आणि नशीब उघडलं. अभिनय कुठे शिकले नव्हते, विनोद उपजतच. बॉम्ब बनवताना पकडले गेले. पुढे पैशासाठी तत्त्वं विकली आणि शेवटी विस्मृतीत गेले.” बंगाली नट-नाटककार उत्पल दत्तांच्या फोटोखाली ‘कधीही हार मानू नका’ असं लिहिलेला हा मजकूर मावशीकडून आला, भाच्याकडून आला आणि काल चक्क एका नाटकवाल्या मित्राने पाठवला. मावशीचं समजू शकतं. नाटकवाल्याने तरी पाठवण्याआधी वाचायचं!

पन्नाशीपर्यंत अनोळखी? ‘गोलमाल’ १९७९चा. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची १९६९ची यादी काढा: सर्वोत्कृष्ट अभिनेता उत्पल दत्त, चित्रपट ‘भुवन शोम’. त्या पुरस्काराचे ते तिसरेच मानकरी. आधीचे दोघे उत्तम कुमार आणि अशोक कुमार. मृणाल सेन यांच्या या चित्रपटात ते पक्ष्यांच्या शिकारीसाठी गुजरातेत गेलेले कडक रेल्वे अधिकारी आहेत, आणि समोर पहिल्याच चित्रपटातली आपली सुहासिनी मुळे. एवढी एक नोंद पाहिली असती तरी निम्मा मजकूर गळाला असता. आणि हृषिदांनी, म्हणजे ‘गोलमाल’चे दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जींनी, ‘शोधलं’ म्हणावं, तर त्यांच्याच ‘गुड्डी’त (१९७१) दत्त होतेच की.

सगळ्यात हास्यास्पद म्हणजे ‘शिकले नव्हते’. जेफ्री केंडल यांच्या शेक्सपिअर करत गावोगाव हिंडणाऱ्या इंग्रजी मंडळीत हा माणूस विशीच्या आतच दाखल झाला. पुढे लिटल थिएटर ग्रुप काढला, १९५९पासून कोलकात्याचं मिनर्व्हा थिएटर चालवलं. तिथल्या ‘अंगार’ नाटकात खाणीत पाणी चढतं आणि कामगार बुडतात. रंगमंचावर पाण्याचा थेंब नाही. सगळी करामत तापस सेन यांच्या प्रकाशयोजनेची आणि रविशंकरांच्या संगीताची. नाटक बसवणारे दत्त.

आता तो ‘उपजत’ विनोद बघू. ‘गोलमाल’मधला त्यांचा भवानीशंकर, मिशी नसलेल्या माणसावर विश्वास न ठेवणारा मालक, एकदाही हसवायला जात नाही. मिशीचा विषय त्याच्या लेखी धर्माचा आहे. फसवणूक उघडी पडत जाते तसा तो खराखुरा दुखावतो, म्हणून आपण हसतो. नटाने तिथे एक डोळा प्रेक्षकांकडे ठेवला असता तर सगळं मातीमोल झालं असतं. त्याच १९७९मध्ये सत्यजित राय यांच्या ‘जय बाबा फेलुनाथ’मध्ये हाच माणूस खलनायक मगनलाल मेघराज आहे. बनारसमधली त्याची बैठक, पाहुण्यांपुढे सरबताचे पेले, आणि गुप्तहेर फेलुदाचा लेखक मित्र, बिचाऱ्या जटायूला फळीला टेकून उभं करून एक म्हातारा त्याच्याभोवती सुरे फेकतो. मगनलाल मजेत बघत बसलेला. धमकीसाठी आवाज चढवावा लागत नाही, आणि तेच जास्त भयंकर वाटतं. पुढच्याच वर्षी ‘हीरक राजार देशे’: राजा, म्हणजे दत्तच, यमकात बोलतो, त्याचे दरबारी यमकात बोलतात, फक्त शाळामास्तर बोलत नाही. यमकाचा ठेका सांभाळून हुकूमशहा उभा करायचा, हे उपजत येत नसतं.

बॉम्बची गोष्ट मात्र नुसती चूक नाही, बदनामी आहे. १९६५मध्ये त्यांना तुरुंगात टाकलं ते प्रतिबंधक स्थानबद्धतेखाली. बंगालमध्ये तेव्हा काँग्रेसचं सरकार होतं. खटला न चालवता काही महिने आत. त्यांचं ‘कल्लोल’ हे नाटक तेव्हा मिनर्व्हात गाजत होतं. विषय १९४६चं नौदलाचं बंड, म्हणजे आपल्या मुंबईचंच. इतिहासात नाविकांनी शरणागती पत्करली, नाटकातल्या ‘खैबर’ जहाजावरचे नाविक पत्करत नाहीत. बड्या वृत्तपत्रांनी जाहिराती नाकारल्या, तेव्हा ‘कल्लोल चलछे, चलबे’ (चालू आहे, चालूच राहणार) अशी पोस्टरं भिंतींवर लागली. हत्यार म्हणाल तर लेखणी होती.

हां, नक्षलबारीच्या उठावाला त्यांचा पाठिंबा होता. त्यावर ‘तीर’ हे नाटक केलं, त्यापायी पुन्हा अटक झाली, आणि त्या वेळी ते हमी लिहून देऊन सुटले. त्याबद्दल डाव्यांनी त्यांना सुनावलं, ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण नाटक लिहिणं आणि बॉम्ब बनवणं यात फरक आहे.

पैशाचं अर्धं खरं. ‘द ग्रेट गॅम्बलर’सारखी कामं त्यांनी कलेसाठी केली असं कोण म्हणेल? हिंदीतला बराच माल टाकाऊच होता. पण त्या पैशावर नाट्यसंस्था चालत होती. ‘कल्लोल’नंतर सहा वर्षांनी ‘टिनेर तलवार’ आलं, पुढेही नाटकं येत राहिली आणि त्यांतलं राजकारण मवाळ झालं नाही. तत्त्वं विकली ती नेमकी कुठे?

‘विस्मृतीत’बद्दल फार लिहायची गरज नाही. १९९०मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप. १९९१मध्ये राय यांच्या शेवटच्या चित्रपटात, ‘आगंतुक’मध्ये, मुख्य भूमिका. १९ ऑगस्ट १९९३ला ते गेले.