हवेली भाड्याने घ्यायची आणि फोटोत ती पुसून टाकायची

समुद्रकाठच्या जुन्या मॅन्शनमध्ये झालेल्या लग्नांचे अल्बम हल्ली सतत समोर येतात आणि बहुतेक वेळा माझी चिडचिड होते. शंभर-सव्वाशे वर्षांचं घर, छतावर नक्षी, माणसाच्या दुप्पट उंचीच्या खिडक्या. ते मिळावं म्हणून नवरा-नवरीने कितीतरी आधी तारीख अडवून ठेवलेली. आणि फोटोत काय? ८५ एमएमची लेन्स, एफ/१.४ (म्हणजे लेन्सचं भोक पार उघडं), मागचं सगळं क्रीमी ब्लर. छताचा पिवळट डाग, खिडकीचा पांढरा चौकोन. हा फोटो एखाद्या हॉलच्या पार्किंगमध्येही निघाला असता की!

उरलेला अर्धा अल्बम समुद्राचा. पाठमोरं जोडपं, सूर्यास्त, सिल्हूट म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या. चेहरेही नाहीत आणि घरही नाही.

मी स्वतः लग्नं शूट करतो, म्हणून हे जरा अधिकारवाणीने बोलतोय. अशा ठिकाणी फोटोग्राफरने दिवसातला बराच वेळ समुद्राकडे पाठ करून उभं राहावं. समुद्राच्या बाजूने येणारा उजेड माणसांच्या तोंडावर पडू द्यावा आणि त्यांच्या मागे घर दिसू द्यावं. समुद्राचे फोटो काय, कोणाच्याही मोबाइलमध्ये निघतात.

यामागे साधं कारण आहे. शहरातल्या खिडकीला आभाळाचा एखादा तुकडा मिळतो, बाकी समोरची इमारत. समुद्राकडे उघडणाऱ्या खिडकीसमोर आडवं काहीच नसतं, आभाळ थेट क्षितिजापर्यंत खाली उतरलेलं असतं. त्यामुळे उजेड वरून न पडता जवळजवळ आडवा आत शिरतो आणि खोलीत खूप आतपर्यंत पोचतो. त्यात ही घरं बांधली गेली तेव्हा वीज एकतर नव्हती किंवा नवी नवलाई होती. खिडकी किती उंच आणि खोली किती आतवर असावी हे ठरवताना दिवसाचाच उजेड डोळ्यासमोर होता. एवढा मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी पेटी, फुकट मिळत असताना लोक दिवाणखान्यात दोन-दोन स्टँड लावून फ्लॅश मारतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

फक्त नवरीला खिडकीला चिकटवून उभं करू नका. तिथे अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा काळा पडतो. दोन-तीन मीटर आत आणा, उजेड आपोआप सारखा होतो. आपण खिडकीच्या बाजूला राहायचं, ३५ एमएमची रुंद लेन्स, एफ/४ किंवा एफ/५.६ म्हणजे मागचं घरही स्पष्ट येतं, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) बिनधास्त १६००-३२००. आजच्या कॅमेऱ्यांना ते काहीच नाही. कॅमेरा समतल धरा, नाहीतर खांब आणि दारं मागे कलंडल्यासारखी दिसतात. पोर्ट्रेटच्या नादात हे लक्षात येत नाही, पण जुन्या घरात ते फार खुपतं. आणि भिंतीवरचे पिवळे दिवे विझवता आले तर विझवा. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जास्त तर निळसर, कमी तर पिवळा. खिडकीतला उजेड साडेपाच हजार केल्विनच्या वर आणि झुंबर तीन हजारांच्या खाली, म्हणजे एक गाल निळा, एक गाल केशरी. नंतर एडिटिंगमध्ये त्यांची समजूत काढत बसावं लागतं.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचं रोझक्लिफ हे मॅन्शन घ्या. नेवाडाच्या चांदीवर गब्बर झालेल्या जेम्स फेअर यांची मुलगी थेरेसा ऊर्फ टेसी ऑलरिक्स हिच्यासाठी वास्तुविशारद स्टॅनफर्ड व्हाइट यांनी १८९८ ते १९०२ या काळात ते उभं केलं. नमुना फ्रान्सच्या व्हर्सायमधल्या ग्रँड ट्रिआनॉन या राजवाड्याचा. घर मुळात मेजवान्यांसाठीच बांधलेलं, मधला सगळा भाग एकच मोठी बॉलरूम, म्हणजे नाचाचं दालन. तिच्या दोन्ही अंगांना उंच काचेची दारं, एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने पुढचं अंगण. याचा अर्थ सकाळी एका बाजूने सूर्य, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या वेळात दोन्हीकडून मऊ उजेड. बाहेरून भिंतींना पांढरं टेराकोटा, म्हणजे बाहेर उन्हात उभं राहिलं तर अख्खी भिंत रिफ्लेक्टरचं काम करते. उजेडाची इतकी सोय करून ठेवलेल्या घरात फोटोग्राफर नवरा-नवरीला हाताला धरून कुठे नेतात? हिरवळीच्या पार टोकाला, समुद्र मागे घेऊन, डोक्यावर ऊन घेऊन.

याच टेसीबाईंनी १९०४ च्या ऑगस्टमध्ये तिथे 'बाल ब्लां' दिला होता. सगळं पांढरंशुभ्र असलेला नाचाचा जलसा. असं सांगतात की नुसता समुद्र मागे बरा दिसेना, म्हणून त्यांनी पाण्यात पांढऱ्या जहाजांच्या प्रतिकृती उभ्या करवल्या. खरं-खोटं असो, पण बाईंची नजर मला पटते. रिकामं क्षितिज ही पार्श्वभूमी म्हणून तशी कंटाळवाणीच गोष्ट आहे. एक आडवी रेघ, आणि फोटोग्राफर बेसावध असेल तर ती नेमकी नवऱ्याच्या मानेतून जाते.

आता सूर्यास्ताचं खूळ. खरं घोडं इथेच पेंड खातं. रोझक्लिफ ज्या बेलव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवर आहे तिथल्या त्या बाजूच्या मॅन्शन्सचा समुद्र पूर्वेला आहे. सूर्य घरामागे, रस्त्याच्या बाजूला मावळतो. तरीही समुद्रावरच्या सूर्यास्ताची फर्माइश ठरलेली. जागा बघायला जाताना कंपास काढून समुद्र कुठल्या दिशेला आहे एवढं बघण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मग ऐनवेळी सगळ्यांचे चेहरे पडतात.

पूर्वेच्या किनाऱ्याची संध्याकाळ मला तर पश्चिमेपेक्षा जास्त आवडते. सूर्य टेकल्यावर समोर समुद्रावर गुलाबी पट्टा उमटतो आणि त्याच्याखाली पृथ्वीची निळसर सावली वर चढताना दिसते. चेहऱ्यावर पश्चिमेच्या आभाळाचा मऊ उजेड, डोळे किलकिले नाहीत, फ्लॅशची गरज नाही. याला दहा मिनिटं द्या, आनंदाने द्या. पण त्या दहा मिनिटांसाठी नवरा-नवरीला त्यांच्याच पाहुण्यांमधून तासभर उचलून नेणं मला मान्य नाही. जून अखेरीला न्यूपोर्टमध्ये सूर्य रात्री सव्वाआठनंतर मावळतो, म्हणजे ऐन पंगतीच्या आणि भाषणांच्या वेळेला. नवरीचे वडील बोलायला उठलेत आणि नवरी खडकावर पोज देतेय! हे वेळापत्रक फोटोसाठी केलेलं असतं, आणि त्या भाषणाचा, म्हणजे दिवसातल्या सगळ्यात चांगल्या फोटोचा, त्यातच बळी जातो.

दुपारबद्दलही बोलायला हवं, कारण उन्हाळ्यातली लग्नं बहुतेक दुपारीच सुरू होतात. त्याच न्यूपोर्टमध्ये जूनच्या भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ७२ अंशांच्या आसपास चढतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख, नाकाखाली सावली, पांढऱ्या झग्यावरचं सगळं भरतकाम जळून सपाट. सावलीत आणलं तरी पाय हिरवळीवर असतील तर हनुवटीखाली हिरवट झाक येते. आरशासमोर दोन तास बसून केलेल्या मेकअपवर ती झाक बघवत नाही. त्यामुळे सरळ व्हरांड्यात या. वर छप्पर, खाली दगडी किंवा लाकडी फरशी, समोर उघडं आभाळ. व्हरांडा हा कोणत्याही जुन्या घरातला सगळ्यात चांगला स्टुडिओ, आणि बिचाऱ्याला कोणी विचारत नाही.

घर फोटोत का हवं, याचं माझं आवडतं उदाहरण फोटोचं नाहीच. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर समुद्राकडे तोंड करून ऑस्बर्न हाउस आहे, राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८४५ ते १८५१ मध्ये बांधलेलं. बाल्कनीतून दिसणारा समुद्र बघून अल्बर्टला नेपल्सच्या उपसागराची आठवण व्हायची. १ जुलै १८६२ ला त्यांच्या मुलीचं, प्रिन्सेस अ‍ॅलिसचं, लग्न याच घरात झालं. ऐन उन्हाळा, पण अल्बर्टला जाऊन जेमतेम साडेसहा महिने झालेले. चर्च नाही, थाट नाही, घरच्याच डायनिंग रूममध्ये वेदी मांडली. ती मांडली कुठे, तर चित्रकार विंटरहाल्टर यांनी काढलेल्या राजकुटुंबाच्या मोठ्या चित्राखाली, ज्यात अल्बर्ट बसलेला आहे. मुलीचं लग्न लागतंय आणि वडील भिंतीवर. आता समजा तिथे आजचा कोणी फोटोग्राफर एफ/१.४ लावून उभा आहे. भिंत ब्लर, चित्र ब्लर, वडील ब्लर. त्या लग्नातला सगळ्यात मोठा भाग गेला.

प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. कोणाच्या आजीला त्या जिन्याचा कठडा आवडलेला असतो, कोणी त्याच खिडकीशी लग्नाची मागणी घातलेली असते. विचारलं की कळतं.

घराच्या नियमांवर आमचे फोटोग्राफर मित्र नेहमी कुरकुरतात. भिंतीला टेप नको, मेणबत्ती नको, ट्रायपॉडला रबराचे पाय हवेत, अमुक पडदा उघडायचा नाही. मी पूर्णपणे घराच्या बाजूने आहे. जुनं कापड उजेडाने विरतं आणि ती हानी भरून निघत नाही. संग्रहालयांत कापडासाठी ५० लक्सची (लक्स म्हणजे उजेडाच्या तीव्रतेचं माप) मर्यादा पाळतात, ती काही फोटोग्राफरचा छळ करण्यासाठी नाही. त्यापेक्षा तिथल्या मॅनेजरला आधी भेटा, कोणत्या खोलीत किती वाजता उजेड येतो ते विचारा. वर्षानुवर्षं त्या घरात वावरणाऱ्या माणसाला हे तुमच्या अ‍ॅपपेक्षा चांगलं माहीत असतं. पडदाही त्यांनाच सरकवू द्या.

राहता राहिली समुद्राची खोड. एसीच्या खोलीतून दमट हवेत कॅमेरा आणला की लेन्स धुकाळते, म्हणून अर्धा तास आधी बॅगेत बंद करूनच बाहेर ठेवा. लेन्सवर खारे तुषार बसले तर कोरड्या कापडाने घासू नका, आधी फुंकणी, मग ओलसर कापड. दुपारनंतर समुद्रावरून वारा वाढतो. नवरीच्या डोक्यावरची जाळीची ओढणी (व्हेल) त्याच्यासोबत उडणारच, तिला दाबून धरायला चारजण पाठवू नका. हललं तर हललं. १८५८ मध्ये थोरल्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी राणी व्हिक्टोरिया डॅगेरोटाइपसाठी, म्हणजे धातूच्या पत्र्यावर घेतल्या जाणाऱ्या त्या काळच्या फोटोसाठी, बसल्या आणि थरथरल्यामुळे त्यांचाच चेहरा पुसट आला. ते चित्र आजही जपून ठेवलेलं आहे, आणि मला ते त्यांच्या कितीतरी स्थिर फोटोंपेक्षा खरं वाटतं.

आणि हो, जिन्यावरचा ग्रुप फोटो जेवणाआधीच उरका. नंतर आजोबा खुर्ची सोडत नाहीत.