अंधारात १००० मीटर? कशाच्या जोरावर?

रात्री रानात प्राणी बघायला जाणाऱ्या हौशी मंडळींत एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर साधारण असा: सात-आठ हजारांत मिलिटरी ग्रेड, जनरेशन ३ नाईट व्हिजन दुर्बीण. मिट्ट काळोखात १००० मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. ऐपत असेल तर थर्मल घ्या, त्याला काच, झाडी, काही आडवं येत नाही. इन्फ्रारेड जनावरांना कळतही नाही. सेटिंगची कटकट नाही, बॅटरी घाला आणि बघा. विकणाऱ्याने असं लिहिलं तर नवल नाही, पण चांगले जाणते लोकही ते पुढे ढकलतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जनरेशन ३’ आधी निकालात काढू. हा शब्द प्रकाश वाढवणाऱ्या नळीच्या यंत्रांनाच लागू पडतो. तिसऱ्या पिढीच्या नळीत गॅलियम आर्सेनाइडचा प्रकाशसंवेदी थर असतो. अमेरिकेतही असं एका डोळ्याचं यंत्र हजारो डॉलरला पडतं आणि ते देशाबाहेर न्यायला सरकारी परवाना लागतो. मेसेजमधल्या यंत्राला मेमरी कार्डाची खाच आहे, व्हिडिओचं बटण आहे. म्हणजे तो डिजिटल कॅमेरा आहे, सोबत इन्फ्रारेड दिवा. वाईट नाही, पण जनरेशनचा इथे संबंध नाही.

आता ते १००० मीटर. घरातली एक खोली पूर्ण अंधारी करा आणि यंत्राचा दिवा बंद ठेवून बघा. पडद्यावर काळोख आणि मुंग्या. म्हणजे मिट्ट काळोखात जे दिसतं ते त्या चिमुकल्या दिव्याच्या जिवावर, आणि दिव्याचा हिशोब निष्ठुर असतो: अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथाई. मग लोक ‘तीनशे मीटरवर कोल्हा दिसला’ म्हणतात, ते खोटं बोलतात का? नाही, पण त्यांना दिसतात ते दोन चमकते ठिपके. बऱ्याच निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला आरशासारखा थर असतो, तो उजेड आला तसा परत फेकतो. डोळे लांबून चमकतात, अंग दिसत नाही. ते ठिपके कोल्ह्याचे की गावातल्या कुत्र्याचे, हे त्यावरून कसं ठरवणार? वर डिजिटल झूम वाढवला की तेच ठिपके मोठे आणि चौकोनी होतात.

थर्मलबद्दलचा दावा जास्त फसवा, कारण यंत्र खरोखरच भारी आहे. ते उजेडावर नाही, अंगाच्या उष्णतेवर चालतं. पण साध्या काचेतून ती उष्णता पार होत नाही. गाडीची काच वर ठेवून बघाल तर आपलंच धूसर प्रतिबिंब दिसेल. झाडीचंही तेच. पानांच्या फटींतून जेवढं अंग उघडं, तेवढंच दिसणार. उसाच्या फडात आत बसलेला बिबट्या थर्मललाही दिसत नाही. जुन्नरकडच्या मंडळींनी एवढं तरी पक्कं लक्षात ठेवावं. दाट धुकं आणि पाऊसही पल्ला चांगलाच खातात.

पल्ला स्वतः काढता येतो. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागा. स्वस्त थर्मलमध्ये १२ मायक्रॉनचा पिक्सेल आणि १० मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तर १.२. म्हणजे १००० मीटरवर एक पिक्सेल १.२ मीटर जागा व्यापतो, १०० मीटरवर १२ सेंटीमीटर, ५०० मीटरवर ६०. बिबट्याची खांद्यापाशी उंची साठ-सत्तर सेंटीमीटर. ५०० मीटरवर त्याच्या वाट्याला उंचीत जेमतेम एक पिक्सेल येतो! ‘काहीतरी गरम आहे’ एवढं कळेल, बिबट्या की वासरू ते नाही. ओळख पटायला उंचीत दहा-बारा पिक्सेल तरी हवेत, आणि ते या यंत्रात पन्नास मीटरच्या आसपासच मिळतात.

आंबोलीला पावसात बेडूक आणि साप बघायला जाणाऱ्यांनी तर थर्मलच्या वाटेला जाऊच नये. थंड रक्ताचे जीव भोवतालच्या तापमानाचेच असतात, पडद्यावर ते उठणार कसे? तिथे साधी टॉर्च बरी.

इन्फ्रारेड जनावरांना कळत नाही, हे अर्धसत्य. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा इन्फ्रारेड दिवा समोरून बघितला तर आपल्यालाही मंद लाल दिसतो. ९४०चा जवळजवळ दिसत नाही, पण त्या उजेडाला सेन्सर कमी दाद देतो, म्हणून पल्ला घटतो. जवळून बघायचं असेल तर ९४० घ्या.

राहिलं सेटिंग. बहुतेक तक्रारी इथूनच येतात. आधी डोळ्याजवळची डायॉप्टरची कडी फिरवून पडद्यावरची अक्षरं रेखीव करा, मगच पुढच्या लेन्सचा फोकस लावा. उलट केलंत तर रात्रभर नुसत्या कड्या फिरवत बसाल. पडद्याचा उजेड अगदी कमी ठेवा, कारण अंधाराला सरावलेला डोळा एकदा दिपला की पुन्हा वीस-तीस मिनिटं जातात. दिव्यासमोर जवळची फांदी येऊ देऊ नका. ती पांढरीफटक होते आणि कॅमेरा एक्स्पोजर कमी करून मागचं सगळं काळं करतो.

आणि सात-आठ हजारच खर्चायचे असतील तर माझं मत साध्या ७×५० दुर्बिणीला, म्हणजे सात पट मोठं दाखवणारी, पुढची लेन्स ५० मिलिमीटरची. तिच्यातून डोळ्यापाशी साधारण ७ मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, तरुण माणसाची बाहुली अंधारात जवळपास तेवढीच उघडते. चांदण्या रात्री पाणवठा बघायला ती पुरते, आणि तिला बॅटरी लागत नाही.